जिनिंगमधला बर्फ

वणीच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या शीला मुळावकर दर दिवाळीच्या सुट्टीत भूगोलाचे तक्ते रंगवून द्यायच्या. त्यात एक तक्ता उत्तर ध्रुवाचा असे. एक पांढरं अस्वल, घुमटासारखं एक घर, कुत्र्यांची गाडी. गेल्या वर्षीच्या तक्त्यावरून या वर्षीचा, या वर्षीच्यावरून पुढचा. अस्वल दर वर्षी थोडं लठ्ठ होत चाललं होतं.

१९५८च्या जानेवारीत भूगोल शिकवणाऱ्या बेबीताईंनी तो तक्ता शिक्षकांच्या खोलीत भिंतीला टेकवला आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या.

"शीलाबाई, अस्वल छान आहे. पण बर्फ कुठे आहे?"

"हा काय, सगळा बर्फच तर आहे."

"हा तर कागद आहे! तुम्ही कागद सोडून दिला अन् म्हणून राहिल्या बर्फ आहे. मग मीही समुद्राच्या तक्त्यावर निळी शाई सांडून देते. तेवढीच मेहनत."

सगळ्या हसल्या. शीलाबाईही हसल्या. पण संध्याकाळी घरी तांदूळ निवडताना त्यांचा हात थांबला. बेबीताई बरोबर बोलल्या होत्या. दहा वर्षं त्या बर्फ काढत होत्या आणि एकदाही काढला नव्हता.

तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. लग्नानंतर दीड वर्षात नवरा टायफॉइडने गेला आणि त्या भावाकडे परत आल्या. भाऊ यज्ञेश्वर वणीच्या कोर्टात नाझर होता. पाहण्यातल्या बायका सूत काढायला किंवा पोथी वाचायला बसतात तशा त्या बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या. पहिल्यांदा नापास झाल्या तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरला. हट्टी म्हणावं असं त्यांच्यात काही दिसत नसे. त्या वाद घालत नसत. नुसत्या पुन्हा तेच करायला बसत.

त्या उन्हाळ्यात त्यांनी चांद्याहून येणाऱ्या गाडीतून बर्फाची एक लादी घेतली, भुसा धुऊन अंगणात पाटावर ठेवली आणि समोर रंग घेऊन बसल्या. वैशाखाचं ऊन. अर्धं चित्र होईतो लादी विटेएवढी उरली. यज्ञेश्वर कोर्टातून आला, पाहिलं, आणि ती वीट उचलून पन्ह्याच्या पातेल्यात टाकली.

"दादा!"

"अगं, तुझं चित्र झालं, आमचं पन्हं झालं. बर्फ सार्थकी लागला."

"बर्फच पाहायचा तर गोळेवाला रोज दारावरून जातो, वन्सं," शोभावहिनी म्हणाल्या. "त्याच्यासाठी पाट कायले खराब करायचा?"

पाट पुसून शीलाबाईंनी जागच्या जागी ठेवला. एवढ्याशा बर्फातून काही कळणार नाही हे मात्र त्यांना कळलं. पांढऱ्याचा डोंगर पाहिजे होता, आणि उन्हात न वितळणारा.

तो मार्गशीर्षात सापडला. शाळेच्या वाटेवर कापसातली सरकी काढणारं जिनिंग होतं. फाटकातून आत रोज दिसायच्या त्या कापसाच्या गंज्या, दोन माणसं उंच, लांबच लांब, आणि त्यांच्यावर सकाळचं तिरपं ऊन. त्या दिवशी त्या फाटकाशी उभ्या राहिल्या आणि गंजीच्या सावलीकडे पाहत राहिल्या. सावली काळी नव्हती. निळी होती.

चौकीदार धावजीने हटकलं. "काय पाह्यजे बाई?"

"चित्र काढायचंय. कापसाचं."

"कापूस फोटोले बसते काय?" धावजी म्हणाला. पण त्याची भाची शाळेत होती. त्याने फाटक उघडलं. "विडी-काडी नाही ना जवळ? मंग बसा."

दोन हंगाम शीलाबाई सकाळी साडेसहा ते साडेनऊ तिथे बसल्या. पहिले आठ दिवस चित्रात गंजीऐवजी गादी आली. नवव्या दिवशी डोक्यावर टोपलं घेतलेली एक बाई मागे येऊन थांबली. धनीबाई. वणीबाहेरच्या तांड्यावरून कामाला यायची, आरशांनी मढलेला घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिच्या सासऱ्याच्या वेळेला घरात पाठीवर माल वाहणारे लदणीचे बैल होते. आता पाच एकर शेती होती आणि हंगामात जिनिंग.

"मास्तरीणबाई, हे तुमी साऱ्या गंज्या एकाच पांढऱ्यानं काहून रंगवून राह्यल्या?"

"कापूस पांढराच असतो ना."

धनीबाईने टोपलं खाली ठेवलं. तीन गंज्यांतून तीन चिमट्या आणून शीलाबाईंच्या तळहातावर ठेवल्या. "हा पयल्या वेच्याचा. यात निळी झाक हाय. हा दुसऱ्याचा, दुधासारखा. अन् हा फरदड, आखरीचा, पिवळट. दिसून राह्यलं का?"

शीलाबाईंना काही दिसलं नाही.

"दिसनार नाही. आंधी बोटात चुरगाळा. आंधी हाताले इचारा, मंग डोळ्याले."

शीलाबाईंनी चुरगाळलं. पहिला रेशमासारखा निसटला, दुसरा चिकटला, तिसरा खरखरला. मग पाहिलं. आणि खरोखर तीन पांढरे दिसले. पुढे दवाने भिजलेल्या कापसाचा चौथा दिसला, संध्याकाळच्या धुरळ्यातला पाचवा. धनीबाई येता-जाता चित्रावर नजर टाकी आणि निकाल देई. "हा फरदड. हा भिजेल. हा कापूसच नाही, हा भात झाला तुमचा." भात झालेलं चित्र शीलाबाई घरी नेऊन मागच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा काढत.

१९५९च्या पावसाळ्यात बेबीताईंनी त्यांच्यापुढे एक इंग्रजी मासिक टाकलं. "घ्या. तुमच्यासाठीच छापून राहिले जणू."

भूगोलाचं मासिक होतं. उत्तरेकडच्या एका देशातली संस्था बर्फाच्या समुद्रात दर उन्हाळ्यात संशोधनाचं जहाज पाठवी आणि त्यावर तीन चित्रकारांना जागा देई. सात आठवडे जहाजावर राहायचं, बर्फ पाहायचा, चित्रं काढायची, अर्धी संस्थेला द्यायची. जाण्यायेण्याचं तिकीट संस्थेचं. कोणत्याही देशाच्या माणसाने अर्ज करावा. निसर्गावरून स्वतःच्या हाताने काढलेली पाच चित्रं पाठवावीत. बायकांनी करू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. शीलाबाईंनी ते तीनदा तपासलं.

त्यांनी जिनिंगमधली पाच चित्रं निवडली. त्यांत माणूस नव्हता, बैलगाडी नव्हती. नुसते उंच पांढरे कडे आणि निळ्या सावल्या. त्यांच्या नागपूरच्या मास्तरांची शिकवण होती की जागा आणि तिथी लिहिल्याशिवाय चित्र हातावेगळं करायचं नाही. त्याप्रमाणे त्यांनी पाठीमागे स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिलं होतं: जिनिंगचं आवार, वणी, पौष शुद्ध सप्तमी. इंग्रजी फॉर्मवर चित्रांची नावं विचारली होती. तिथे त्यांनी लिहिलं: पांढरा एक, पांढरा दोन, पांढरा तीन. पाकीट गेलं.

चैत्रात उत्तर आलं. यज्ञेश्वरचं इंग्रजी जास्त चांगलं म्हणून पत्र त्याने वाचलं, झोपाळ्यावर बसून, प्रत्येक वाक्याचं मराठी करत.

"आपली बर्फाची पाच चित्रं समितीला अतिशय आवडली..."

"बर्फाची?" शोभावहिनींनी निवडत असलेली मेथी खाली ठेवली. "कोणत्या बर्फाची?"

"थांब ना. आमच्यातले एक सभासद तीस वर्षं बर्फात हिंडले आहेत. त्यांच्या मते सावलीतला असा निळा रंग फक्त फार जुन्या बर्फात दिसतो. तरी आपण हा बर्फ कोठे व कोणत्या साली पाहिला, ते कृपया कळवावं. म्हणजे निवड पक्की करता येईल." यज्ञेश्वरने चष्मा काढला. "पक्की, शीले! पक्की करता येईल म्हणतात."

वहिनींना हसू आवरेना. "तीस वर्षं हिंडले आणि कापूस ओळखू येईना?"

शीलाबाई हसल्या नाहीत. पाठीमागचं देवनागरी तिकडे कुणाला वाचता येणार, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

"काश्मीर लिही," यज्ञेश्वर म्हणाला.

"मी नागपूरच्या पलीकडे गेले नाहीये दादा."

"ते त्यांना काय ठाऊक? कोण येतं वणीत विचारायला? गुलमर्ग लिही, साल लिही छप्पन. मी कोर्टात रोज पाहतो, पुरावा मागितला नाही तर कुणी देत नाही."

"त्यांनी मागितलाय."

"म्हणून तर सांगतोय, दे!"

"आणि जहाजावर त्या म्हाताऱ्याने विचारलं, गुलमर्गचा बर्फ कसा होता, तर काय सांगू? पन्ह्यासारखा?"

यज्ञेश्वर वैतागला. "अगं, खरं लिहिलंस तर गेलंच समज. ज्याने बर्फ पाहिलाच नाही त्याला बर्फात कोण नेणार?"

"पाहिला असता तर मी अर्ज कशाला केला असता?" शीलाबाई म्हणाल्या. आणि उठून मेथी निवडायला बसल्या. वहिनी हसतच होत्या.

यज्ञेश्वर चार दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

त्या चार दिवसांत शीलाबाई जिनिंगमध्ये गेल्या. हंगाम संपत आला होता, फरदडीची एकच गंजी उरली होती. त्यांनी धनीबाईला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तू गंजीवर चढून उभी राहा. तुझ्यासकट चित्र पाठवते. म्हणजे त्यांना कळेल गंजी केवढी आणि कशाची."

"मी? इलायतेले?" धनीबाई म्हणाली. "तर मंग अशी नाही. उद्या या."

दुसऱ्या दिवशी ती लग्नातला घागरा घालून आली. बाकीच्या बायकांनी तिला फाटकापासून धरलं. "काय वो धनी, सवत आणून राह्यला काय नवरा?" "नाही वो, गंजीसंगं लगन लागून राह्यलं तिचं!" धनीबाई कुणाकडे न पाहता गंजीवर चढली आणि उन्हात तासभर हलली नाही.

शीलाबाईंनी चित्र पाठवलं. सोबत आपल्या इंग्रजीत पत्र: ती पाचही चित्रं कापसाची आहेत. आमच्या गावी कापूस असा साठवतात. सोबतच्या चित्रातली बाई धनीबाई. तिने मला पांढरे ओळखायला शिकवलं. मी बर्फ एकदाच पाहिला आहे, पाटावर, तो वितळला. मला तो नीट पाहायचा आहे म्हणून मी अर्ज केला होता. अर्ज अजून तसाच आहे.

ज्येष्ठात उत्तर आलं. या वर्षीच्या तिन्ही जागा बर्फ पाहिलेल्या माणसांना दिल्या आहेत. परंतु जिने कापूस असा काढला ती बर्फाचं काय करते ते पाहण्याची समितीची इच्छा आहे. १९६१च्या सफरीसाठी एक जागा आपल्या नावाने राखून ठेवली आहे.

"बघ," यज्ञेश्वर म्हणाला, "गुलमर्ग लिहिलं असतंस तर याच वर्षी गेली असतीस." आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून पासपोर्टच्या कागदांसाठी यवतमाळला गेला. कोणता कागद कोणत्या टेबलावर झोपतो ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पूर्वी सगळं नागपूरला व्हायचं, आता मुंबईकडे जावं लागे. वर्षभर तो त्या कागदांच्या मागे होता, आणि वर्षभर म्हणत होता की हा गाढवपणा आहे.

वहिनींची चिंता वेगळी होती. "वन्सं, लोकांना काय सांगू?"

"सांगा नागपूरला परीक्षेला गेली."

"सहा महिने?"

"नापास झाली म्हणा."

वहिनींनी मेतकूट केलं, लिंबाचं लोणचं केलं, ते सांडू नये म्हणून बरणीचं तोंड मेणाने बंद केलं. धनीबाईने हातमोजे शिवून दिले. आत पहिल्या वेच्याची रुई, बाहेर लाल-पिवळा टाका आणि आरसे, बोटांची टोकं मोकळी. "बिरश धराले," ती म्हणाली.

मुंबईहून बोटीने तीन आठवडे, मग आगगाडी, मग ते जहाज. छोटं, तेलाचा वास येणारं, सतत थरथरणारं. शीलाबाई जहाजाच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत वरच्या फळीवर झोपत. आचाऱ्याला त्यांनी मांस, मासे, अंडी नको म्हणून सांगितलं तेव्हा त्याने, बाई आजारी आहेत का, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं. पुढचे सात आठवडे त्याने त्यांना उकडलेले बटाटे, लोणी आणि पाव दिला. त्या बटाट्याला मेतकूट लावून खात. चौथ्या दिवसापासून आचारी स्वतःच्या बटाट्यावर मेतकूट मागू लागला.

सूर्य मावळत नव्हता. बर्फ दिसला तो सातव्या दिवशी. डोंगर तरंगत आला. शीलाबाईंनी डेकवर फळी मांडली, हातमोजे चढवले आणि काढायला लागल्या. ब्रशातलं पाणी कागदावर पोचेपर्यंत गोठत होतं आणि रंगात काटेरी नक्षी उमटत होती. उरलेल्या दोन चित्रकारांपैकी एक म्हातारा होता, तिसऱ्यांदा आलेला. त्याने एक बाटली आणून त्यांच्या पाण्यात ओतली. वास शाळेतल्या स्पिरिटच्या दिव्याचा होता. पाणी गोठायचं थांबलं. ते काय होतं हे त्यांनी विचारून घेतलं, आणि वहिनींना पत्रात लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हातमोजे भिजले आणि लाकडासारखे कडक झाले. एका खलाशाने लोकरीचे जाड मोजे दिले, पूर्ण बोटांचे. बारा दिवस शीलाबाई ते घालून चित्रं काढत होत्या. अठरा चित्रं झाली. संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी, म्हाताऱ्याने ती जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून पाहिली आणि एकच शब्द बोलला. मऊ.

शीलाबाईंनी पाहिलं. अठराही गंज्या होत्या. निळी सावली, दुधाचा पांढरा, कडेला फरदडीची पिवळट झाक. वणी. एवढ्या लांब येऊन त्या जिनिंगमध्येच बसल्या होत्या. हाताला कापूस येत होता. बर्फ समोर असला तरी हात कापूसच काढत होता.

त्या रात्री झोप आली नाही, आणि रात्र नसल्यामुळे झोपायचं निमित्तही नव्हतं. वरच्या फळीवर पडून त्यांना वाटलं, यज्ञेश्वर बरोबर होता. ज्याने बर्फ पाहिलाच नाही त्याला कोण नेणार. यांनी आणलं, आणि आता परत जाऊन बेबीताईंना पुन्हा कागदच दाखवायचा. मग धनीबाईचे वाळवून कडक झालेले मोजे उशाशी दिसले, उघड्या बोटांचे. त्या उठून बसल्या.

सकाळी त्यांनी खलाशांना विचारलं. होडीतून दोघे जण वैज्ञानिकांसाठी बर्फाचे तुकडे तोडून आणत, त्यांच्याबरोबर गेल्या. एक मोठा तुकडा डेकवर आणून ठेवायला लावला. आणि लोकरीचे मोजे काढून दोन्ही उघडे हात त्यावर ठेवले.

डॉक्टरीणबाई ओरडल्या. शीलाबाईंनी हात काढले नाहीत. बोटं आधी झोंबली, मग दुखली, मग दुखेनाशी झाली. चुरगाळायला काही नव्हतं. दाबलं तर उलट तो दाबत होता. कडेने अंगठा फिरवला तर कापला. कापूस डोंगराएवढा असला तरी हलका असतो, धनीबाई डोक्यावर नेते. हा हातभर तुकडा दोन माणसांनी उचलला होता. त्याच्या आत वजन होतं, आणि ते वजन म्हणजेच तो निळा. सावलीचा निळा नव्हे. आतून येणारा.

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याला पट्टी बांधली आणि दोन दिवस डेकवर जायची बंदी घातली. शीलाबाई दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा फळी मांडली. रोज आधी हात, मग डोळे. जास्तीत जास्त दहा मिनिटं, एवढी परवानगी होती.

सफर संपेपर्यंत आणखी तेवीस चित्रं झाली. म्हातारा शेवटी बराच वेळ पाहत होता. निम्मी चित्रं संस्थेने ठेवून घेतली. निवडायचा हक्क आधी संस्थेचा होता, पण एक चित्र शीलाबाईंनी मागून घेतलं.

कार्तिकात त्या वणीला पोचल्या तेव्हा जिनिंग नुकतं सुरू झालं होतं. यज्ञेश्वरने स्टेशनवरून येतानाच विचारलं, गुलमर्गविषयी कुणी विचारलं का. वहिनींनी दृष्ट काढली. बेबीताईंनी तक्त्याची आठवण करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शीलाबाई चित्रांची गुंडाळी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या.

धनीबाईने आधी हात पाहिले. अंगठ्यावरचा वण पाहिला.

"हातमोजे कामाचे राह्यले का?"

"भिजले गं."

"कापूस भिजतेच," ती म्हणाली आणि खाली मांडी घालून बसली. शीलाबाई एकेक चित्र पुढे करत गेल्या. आजूबाजूच्या बायका टोपली घेऊन जमल्या. धावजी फाटक सोडून आला.

"हा पयल्या वेच्याचा," धनीबाई म्हणाली. "हा भी. हा भिजेल. हा फरदड. हा... हा भी फरदडच." ती उगाच कौतुक करणारी नव्हती. पुढची काही चित्रं तिने नुसती मागे टाकली. शीलाबाईंनी शेवटचं उलगडलं, मागून घेतलेलं.

धनीबाईने ते उन्हाकडे तिरपं धरलं. मग गुडघ्यावर ठेवलं, जवळच्या गंजीतून एक चिमटी उपटून आणली आणि चित्राशेजारी धरली. कागदावर बोट फिरवलं. पुन्हा चिमटीकडे पाहिलं.

"हा कापूस नाही," ती म्हणाली.

"नाही?"

"नाही बाई. कोनत्याच वेच्याचा नाही." तिने चिमटी फेकून दिली. "हे उचलता येनार नाही कोनाले."

शीलाबाईंनी ते चित्र तिच्या हातातून घेतलं आणि पाठीमागे तिथी लिहायला पेन्सिल काढली. जागेच्या पुढे काय लिहावं ते त्यांना लगेच सुचेना. समुद्राला गाव नसतं. मग त्यांनी तिथीच लिहिली, गुंडाळी बांधली आणि शाळेकडे निघाल्या. भिंतीवरचा तो तक्ता आज खाली घेऊन त्यात बर्फ काढायचा होता. अस्वल होतं तसं राहिलं तरी चाललं असतं.